हायड्रॅनेन्सेफलीच्या तक्त्यातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: गर्भातील मेंदूच्या व्यंगांवरील तक्ता बदलून मिळणेबाबत

मा. महोदय/महोदया,

गर्भवतींच्या समुपदेशनासाठी आपल्याकडून तक्त्यांचे 12 संच घेतले. त्यातला हायड्रॅनेन्सेफलीचा तक्ता आम्ही भिंतीवरून उतरवला आहे.

शीर्षक हायड्रॅनेन्सेफलीचे आणि चित्र हायड्रोसेफॅलसचे, म्हणजे पाणी साचून मेंदू दबण्याच्या व्यंगाचे! चित्रात कवटीच्या आतून मेंदूचा पातळ थर सलग फिरलेला दिसतो. हायड्रॅनेन्सेफलीत मोठ्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध जवळजवळ नसतातच. त्या जागी पाण्याने भरलेली पिशवी असते. हायड्रोसेफॅलसमध्ये शंट (डोक्यातले जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवल्यावर दबलेला मेंदू पुन्हा फुलू शकतो. हायड्रॅनेन्सेफलीत शंटमुळे डोक्याची वाढ आवरते, बाळाला उचलणे-निजवणे सोपे होते, पण नसलेला मेंदू येत नाही. या चित्रावर बोट ठेवून आईबापांना काय सांगायचे?

‘कारणे’ या रकान्यात तर फक्त ‘गरोदरपणातील हेळसांड, फॉलिक ॲसिड न घेणे’ एवढेच छापले आहे. फॉलिक ॲसिडने टळतात ती न्यूरल ट्यूबची, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून घडतात त्या नळीची व्यंगे. हे त्यांपैकी नव्हे. सर्वाधिक मान्य कारण रक्तपुरवठ्याचे आहे. मेंदू घडू लागल्यानंतर, बहुधा दुसऱ्या तिमाहीत, मानेतून पुढच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या इंटर्नल कॅरोटिड रक्तवाहिन्या बंद पडतात. गोलार्धांचा बहुतेक भाग त्यांच्याच अँटिरिअर व मिडल सेरेब्रल या फांद्यांवर पोसला जातो; तो मरतो आणि विरघळून जातो. मानेतून मागच्या बाजूने चढणाऱ्या व्हर्टिब्रल वाहिन्या चालू राहतात, म्हणून थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले भाग), मेंदूचे खोड, लहान मेंदू आणि कित्येकदा ऑक्सिपिटल, म्हणजे गोलार्धांच्या मागच्या भागाचा तुकडा वाचतो. त्या उरलेल्या भागाच्या जोरावर बाळ जन्मल्यावर रडते, दूध ओढते, आणि सोनोग्राफीत निसटलेले निदान काही आठवडे लांबते.

काही बाळांत कॅरोटिड उघड्या सापडतात. तिथे सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू किंवा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी यांचा संसर्ग, एकाच वारेवरच्या जुळ्यांपैकी एक पोटात दगावणे, क्वचित एफएलव्हीसीआर2 या जनुकातील दोष, हे पाहावे लागते. यात आईची हेळसांड कुठे आली? ‘ग्रहणात काही चिरलंस का?’ हे घरी ऐकून आलेल्या बाईला आपला तक्ता दुसऱ्यांदा दोषी ठरवतो.

सर्व 12 तक्ते बदलून द्यावेत. नव्या चित्रात गोलार्धांमधला फाल्क्स पडदा आणि सुटे थॅलॅमस दाखवावेत, म्हणजे होलोप्रोसेन्सेफलीशीही (गोलार्ध एकमेकांपासून वेगळे न होण्याच्या व्यंगाशीही) गल्लत होणार नाही. हा तक्ता ज्यांना विकला, त्या सर्वांना दुरुस्तीपत्रक पाठवावे आणि तोवर विक्री थांबवावी. छपाईपूर्वी मजकूर दाखवल्यास आम्ही तो विनामूल्य तपासून देऊ.

कळावे,
समुपदेशन विभागातील डॉक्टर व परिचारिका