विषय : प्रायमर किटमधलं ५० मिली हार्डनर कुठे गेलं?

मॅनेजमेंट,

तुमच्या कस्टमर केअरशी चौथा कॉल आत्ताच संपला, म्हणजे त्यांनी संपवला. टूके प्रायमर म्हणजे हार्डनर मिसळल्यावरच कडक होणारा, रंगाखालचा थर, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, तुम्हीच विकता.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ४:१, म्हणजे चार भाग प्रायमरला एक भाग हार्डनर. प्रायमर १ लिटर. आतल्या कागदावर लिहिलंय ‘संपूर्ण किट एकत्र करा’. आणि हार्डनरचा डबा २०० मिलीचा. चारास एक म्हणजे २५० लागतं हो, हे चौथीतल्या पोराला येतं. मी कागदावर विश्वास ठेवून सगळं ओतलं ही माझी चूक, मान्य.

दोन वर्षांपूर्वी स्कूटरला तुमचंच हेच किट वापरलेलं. तेव्हा हार्डनर २५० मिलीचं होतं, तो रिकामा डबा अजून माझ्याकडे आहे, खिळे ठेवलेत त्यात. फोटो जोडलाय. म्हणजे डबा बारीक केला आणि लेबल तसंच ठेवलं, बरोबर ना?

गाडी मारुती ८००, जुनी. बॉनेट आणि डावा दरवाजा, तीन रविवार घासत होतो. गंज ८० नंबरच्या पेपरने पत्र्यापर्यंत काढला, उघड्या पत्र्यावर एपॉक्सी (गंज रोखणारं प्रायमर) मारलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, ती कोरडीच घासली कारण लांबी पाणी पिते आणि मग आतून गंज धरतो, १२०, १८०, शेवटी ३२०, जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरवली. खांदे गेले. मग तुमचं प्रायमर, दोन हात, मध्ये दहा मिनिटं. आज सहावा दिवस, नख लावलं की खूण उमटते. ४०० चा वॉटर पेपर फिरवला तर घासलं जायच्या ऐवजी च्युइंगमसारख्या गोळ्या होतात आणि पेपर चोक. खंडेनवमीला बॉनेटला हार घातला, काढताना झेंडूच्या पाकळ्या प्रायमरलाच राहिल्या. गाडीला आता कायमची पूजा.

आता आजचा कॉल, हा जरा नीट वाचा.

"सर, आपण ट्रेन्ड पेंटर आहात का?" म्हटलं नाही. "मग सर प्रॉडक्टमध्ये फॉल्ट आहे असं कसं म्हणता?" म्हटलं मी पेंटर नाही पण मला भागाकार येतो, २०० मिलीत ४:१ कसं बसवू? हा माणूस म्हणतो, "सर, मग प्रायमर ८०० मिलीच घ्यायचं होतं." बरं, उरलेल्या २०० मिली प्रायमरचं काय करू? "सर, त्यासाठी एक्स्ट्रा हार्डनर लागेल." सुटं मिळतं का? "नाही सर, ते किटमध्येच येतं." म्हणजे ५० मिलीसाठी दुसरं किट घेऊ? "हो सर." आणि त्या किटमध्ये परत ५० कमीच असणार ना? इथे मला होल्डवर टाकलं. सात मिनिटं सनई. मग परत येऊन काय, तर "हवा दमट असेल सर, गाडी उन्हात ठेवा, आपला दिवस शुभ असो." आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज, तुमची तक्रार रिझॉल्व्ह झाली आहे, आम्हाला रेटिंग द्या.

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण सांगलीत ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते एकदा येऊन बघा, गाडी रोज दुपारी उन्हातच असते, त्यात पापड वाळतात. तुमचं प्रायमर वाळत नाही.

आता ५० मिली कुरिअरने पाठवलंत तरी उपयोग नाही, लावलेल्या थरावर वरून हार्डनर चोळून काही होत नसतं. सगळं थिनरने आणि स्क्रेपरने पत्र्यापर्यंत काढावं लागणार, लांबीसकट. मला किटचे पैसे, नवीन लांबी, एपॉक्सी आणि पेपरचा खर्च पाहिजे, बिलं जोडलीत. आणि डब्यावर ४:१ लिहून २०० मिली कसं देता, याचं लेखी उत्तर. आठ दिवसात नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दोन्ही डबे पुरावा म्हणून घेऊन जाईन, खिळे काढून.

वाईट याचं वाटतं की स्कूटर बघून गल्लीतल्या दोघांना मीच तुमचं नाव सांगितलं होतं.

आणि ते तिकीट परत उघडा. रिझॉल्व्ह काही झालेलं नाही, आत्ता खाली जाऊन बोट लावून आलो, चिकटच आहे.