बॅक्टेरियाने गप्प कधी बसायचं?

चि. सई हीस,
अनेक आशीर्वाद.

स्युडोमोनास एरुजिनोसा हा रोगजंतू ओळखून चमकणारा ई. कोलाय बॅक्टेरिया बनवायचा ठरवलास, छान केलंस. पण फोनवर अर्धा तास तू फक्त सगळ्यात झगझगीत जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, कुठला, एवढंच विचारत होतीस. अगं, चमकायला कुठलाही चमकेल. तुझा बॅक्टेरिया गप्प कधी बसणार, ते सांग.

तू ज्याचं सर्किट, म्हणजे जीन चालू-बंद करणारी जोडणी, उचललंस तो व्हिब्रिओ फिशरी बॅक्टेरिया समुद्रात एकटादुकटा असताना उजेड पाडत नाही. हवाईच्या बॉबटेल स्क्विड या छोट्या समुद्री प्राण्याच्या प्रकाश-अवयवात त्यांची दाटी झाली, की लक्सआय या एन्झाइमने बनवलेला एएचएल हा सिग्नलचा रेणू साठतो, तो ओळखणाऱ्या लक्सआर प्रथिनाला चिकटतो आणि उजेडाचे जीन सुरू होतात. त्याच रांगेत लक्सआयचा जीनही आहे, म्हणजे सिग्नलमुळे आणखी सिग्नल. स्क्विडचं बरं आहे, ती रोज पहाटे यातले 90 टक्क्यांहून जास्त जंतू बाहेर टाकते. तुझ्या फ्लास्कमध्ये ते कोण करणार?

तेव्हा लक्सआय काढूनच टाक. तो राहिला तर रात्रभरात कल्चर दाट होईल, बॅक्टेरिया स्वतःच्याच एएचएलने उजळेल आणि तू सकाळी स्युडोमोनास सापडला म्हणून नाचशील! लक्सआरही बदल. त्याची सवय सहा कार्बनच्या सिग्नलची, स्युडोमोनासचा मुख्य सिग्नल बारा कार्बनचा. तो ऐकायला त्याचाच लासआर हवा. सिंगापूरच्या गटाने 2011 मध्ये लासआरच वापरला होता, त्यांचा ई. कोलाय स्युडोमोनासची चाहूल लागताच फुटून पायोसिन हे जंतू मारणारं प्रथिन सोडायचा आणि त्याला मारायचा. तू एवढ्यात त्या भानगडीत पडू नकोस.

सिग्नल पुसणं कसं असतं ते बघायचं असेल, तर सॅन दिएगोच्या हेस्टी यांच्या लॅबचा 2010 चा पेपर नीट वाच. अख्खी वसाहत एका तालात उजळते आणि विझते. सगळे लक्सआयचं कौतुक करतात. मला विचारशील तर खरी कमाल बॅसिलस थुरिंजिएन्सिसकडून घेतलेल्या एआयआयए एन्झाइमची, जो एएचएल तोडत राहतो. जीएफपीला त्यांनी एसएसआरए शेपटी, म्हणजे प्रथिन लवकर मोडायला लावणारी खूण, लावली होती, कारण साधा जीएफपी एकदा बनला की लवकर मोडत नाही. सिग्नल जाऊन कितीतरी वेळ झाला तरी नळी हिरवीच!

आणि पीएच सांभाळ. एलबी या वाढीच्या माध्यमात ई. कोलाय वाढला की माध्यम अल्कधर्मी होतं आणि एएचएलची लॅक्टोन रिंग उघडते, म्हणजे सिग्नलच निकामी. बफर घाल.

सध्या विकतचा शुद्ध एएचएल वापर. जिवंत स्युडोमोनास बीएसएल-2 या जैवसुरक्षा पातळीतला आहे, गाईडना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जीएफपीचा प्रत्येक आकडा ओडीने, म्हणजे कल्चरच्या दाटपणाच्या मापाने, भाग. प्लाझमिड (तुझं सर्किट असलेला डीएनए) आहे पण एएचएल नाही, त्या नळीचा आकडा रिकाम्या ई. कोलायपेक्षा बराच वर आला तर प्रोमोटर, म्हणजे जीनचा स्विच, गळतोय. तसं झालं तर चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरची फाइल पाठव, लासआरचा आरबीएस, म्हणजे प्रथिन किती बनेल ते ठरवणारा तुकडा, कमजोर करून बघू. शनिवारी माझी प्रॅक्टिकलं आहेत, चारनंतर फोन कर.

तुझी,
आई