उलाळ झालेला ट्रेलर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोटारसायकलमागे छोटा, उघडला की तंबू होणारा ट्रेलर जोडून भटकंतीला जाण्याची हौस आता पुण्यातही रुजू पाहते आहे. भोसरीतील ज्या वर्कशॉपमध्ये मी गेल्या वर्षी असा ट्रेलर करून घेतला, तिथे त्यानंतर दोघे-तिघे माझाच आराखडा मागायला येऊन गेल्याचे कारागिराने कौतुकाने सांगितले. तो आराखडा त्यांनी वापरू नये, हे सांगण्यासाठी आणि त्यानिमित्ताने परिवहन खात्याकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ट्रेलर दिसायला साधा आहे. चौकोनी पाइपाची चौकट, जुन्या स्कूटरची दहा इंची दोन चाके आणि वर प्लायवूडची पेटी. झाकण उलटून ताडपत्री ताणली की दोघांना आडवे होता येते. साडेतीनशे सीसीची गाडी तो सपाट रस्त्यावर बिनतक्रार ओढते, त्यामुळे प्रश्न काय तो ओढण्याच्या ताकदीचा, असा माझा समज होता. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना तो समज फिटला. वेग ताशी चाळीसच्या आसपास असेल. अचानक कोणी मागून सीट धरून गाडी डावी-उजवीकडे हलवावी तसे होऊ लागले. मी ब्रेक दाबला, तर बिनब्रेकचा ट्रेलर मागून रेटू लागला आणि हेलकावे आणखी वाढले. ब्रेक सोडून, गिअर खाली टाकून गाडी हळूहळू कडेला घेईपर्यंत समोरून एसटी आली नाही, हे नशीब.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. बिछान्याला पुढे जागा हवी म्हणून पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन मी पेटीच्या मागच्या कडेला ठेवले होते. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे सांगावे लागले नसते. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि पुढे गेले की धुरजड. यासाठी आपल्या भाषेत नेमके शब्द असताना, चाळीस वर्षे टूलरूममध्ये काढलेल्या मला ते घाटात आठवावेत, याची लाज वाटली. परतल्यावर एका भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केले. भरलेला ट्रेलर पाण्याशिवाय छप्पन्न अधिक पाण्याचे चाळीस, म्हणजे 96 किलो भरला, पण त्याच्या दांड्याचे टोक गाडीवर जेमतेम 3 किलोचा भार देत होते. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा टोकावर यावा, असा ढोबळ हिशेब आहे. कॅन आसाच्या पुढे सरकवल्यावर काटा 10 किलोच्या जवळ आला आणि हेलकावे थांबले. मात्र आणखी पुढे सरकवण्याचीही सोय नाही, कारण मोटारसायकलची जोडणी मागच्या चाकाच्या आसापेक्षाही मागे असते. तिथे भार वाढला की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही.

दुसरी चूक जोडणीची होती. वळणावर मोटारसायकल झुकते, दोन चाकांचा ट्रेलर झुकत नाही. म्हणून जोडणीला स्वतःभोवती फिरण्याची मोकळीक हवी. आमच्या कारागिराने जीपच्या धर्तीवर घट्ट पिन-हूक बसवला होता. खड्ड्यांचे तर विचारूच नका. पुण्यातला दुचाकीस्वार खड्डा चुकवण्यात तरबेज असला, तरी त्याची सवय एका चाकोरीची असते. ट्रेलर जोडला की चाकोऱ्या तीन होतात आणि आपण शिताफीने चुकवलेल्या खड्ड्यात ट्रेलरचे चाक हमखास आपटते.

ट्रेलर आधी केला आणि नियम नंतर विचारले, हा दोष पूर्णपणे माझा. पण विचारायला गेलो तेव्हा एकाच सरकारी कार्यालयात दोन खिडक्यांवर दोन उत्तरे मिळाली: एकीकडे ‘ट्रेलरची वेगळी नोंदणी करा’, तर दुसरीकडे ‘दुचाकीला काहीही जोडायचे नसते’. मोटार वाहन कायदा, 1988 मी स्वतः वाचला. त्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो, नोंदणीच्या तरतुदी त्यालाही लागू होतात आणि मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करायला कलम 52 मनाई करते. गंमत म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारची दखल व्याख्येतच घेतलेली आहे. पुण्यातल्या कित्येक कुटुंबांनी स्कूटरच्या साइडकारमधून सारसबाग गाठली, तेव्हा जास्तीचे चाक आपल्या रस्त्यांना नवे नाही.

ब्रिटनमध्ये याबाबत मोजके आकडे ठरलेले आहेत. इंजिन 125 सीसीपेक्षा मोठे हवे, ट्रेलरची रुंदी 1 मीटरच्या आत आणि गाडीच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंतचे अंतर अडीच मीटरच्या आत असावे, तसेच भरलेल्या ट्रेलरचे वजन 150 किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त नसावे. सुमारे 195 किलोच्या साडेतीनशे सीसी गाडीला हा हिशेब 130 किलोवर थांबवतो. आपले घाट आणि गतिरोधक पाहता तो आणखी खाली आणावा, असे माझे मत आहे.

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते चारचाकीवाल्यांच्या सोयीचे आहे. दुचाकीवरच्या हौशी माणसाला निदान एका पानावर, मराठीत, वजन, रुंदी, जोडणी, ती निसटल्यास ट्रेलर धरून ठेवणारी साखळी, मागचे दिवे आणि विमा यांचे स्पष्ट उत्तर मिळावे, एवढीच मागणी आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी आणि त्यांची मानके प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून आपल्याच शहरात आहे, त्यामुळे प्रयोगासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. तोवर माझा ट्रेलर पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा आहे. तपासणीसाठी या संस्थेने तो वेताळ टेकडीवरच्या आपल्या आवारात मागवलाच, तर मी तो टेम्पोत घालून नेईन.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे