बारा वर्षांचा अनुभव, पण कागद एकही नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत करिअर मार्गदर्शनाची पाने भरभरून येतात. मात्र सदतिसाव्या वर्षी हातातले काम सोडून दुसरीकडे वळू पाहणाऱ्यासाठी त्यांत चार ओळीही सापडत नाहीत. माझी अडचण नेमकी तीच असल्याने हे पत्र लिहीत आहे.

उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी छत्रपती संभाजीनगरमधील एका जाहिरात संस्थेत १२ वर्षांपासून डिझायनर म्हणून काम करतो. जालन्यात बियाणे कंपन्यांची दाटी असल्याने आमचा मोठा हंगाम पाकिटांचा असतो. कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटावर बोंड किती टपोरे दाखवायचे यावर रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत खल चालतो. ‘अजून फुलवा’ असा निरोप येतो, मी ते फुलवतो, आणि जूनमध्ये अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की तेच पाकीट वडिलांच्या हातात दिसते. वडील समोरच्या चित्राकडे पाहतही नाहीत. पाकीट उलटे करून उगवणक्षमता आणि मुदत तेवढी वाचतात. त्या बोंडाची मला आता लाज वाटते, आणि हे काम सोडावेसे वाटण्याचे मुख्य कारण तेच आहे. जागरणे आणि पगार त्यानंतर येतात. (शिवाय संगणकाला चार शब्द सांगितले की आता तोच बोंड फुलवून देतो, तेव्हा मालकांना तरी माझी गरज किती दिवस राहील?)

चित्रकला शिक्षक व्हावे असे मनात होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या १०० हून अधिक असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. आमच्या गावच्या शाळेत मात्र चित्रकलेचा तास गणिताचे सर घेतात आणि त्यात बहुधा गणितच होते. शासकीय नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे, म्हणजे माझ्याकडे एकच वर्ष उरले आहे.

खासगी संस्थांत अर्ज करायला घेतले, तेव्हा खरी गोम कळली. प्रत्येक ठिकाणी नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी आणि अनुभव प्रमाणपत्र मागतात, आणि मला यातले काहीच कधी मिळालेले नाही. दरमहा खात्यात येणारी रक्कम पगार म्हणून नव्हे, व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवली जाते, तिच्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि वर्षाअखेरीस पगारदारांच्या फॉर्म १६ ऐवजी १६अ हाती पडतो. सकाळी दहाला हजर राहायचे, रजेसाठी चिठ्ठी द्यायची, उशीर झाला तर बोलणी खायची, आणि कागदावर मात्र मी बाहेरून काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक! यात मालकांचे कसे फावते तेही पाहावे. १० माणसे झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. आम्ही ११ जण असलो तरी कागदावर कर्मचारी मोजून चार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले, हे वाचून मी ते मागितले, तर ‘तुम्ही कर्मचारी कुठे आहात?’ असे उत्तर मिळाले. अनुभवाचे पत्र देण्याची तयारी आहे, पण त्यात ‘गरजेनुसार कामे करून दिली’ एवढेच लिहून मिळेल म्हणतात.

शहरातल्या लहान जाहिरात कार्यालयांत, छपाईच्या दुकानांत आणि ध्वनिचित्रफितींच्या स्टुडिओंत अशी कितीतरी मुले राबत आहेत. कामगार खात्याने हजेरीपुस्तकाबरोबर खुर्च्याही मोजाव्यात, ही विनंती. आपल्या करिअर पानावर, मराठवाड्यातच राहून असे काम सोडून दुसरीकडे स्थिरावलेल्यांनी कोणती कागदपत्रे कशी उभी केली, हे त्यांच्याकडून लिहवून घेतल्यास मी ऋणी राहीन. पाकिटांचा हंगाम सुरू होण्याआधी मला निर्णय घ्यायचा आहे. अजून नोकरीतच असल्याने माझे नाव कृपया छापू नये.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर