'दीर्घ आजाराने' म्हणजे किती वर्षं हो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा पेपर मागून वाचते, म्हणजे आधी निधनवार्ता आणि मग बाकीचं, घरात सगळे हसतात मला. परवा एका बाईंचं आलं होतं, 'दीर्घ आजाराने निधन, पश्चात मुलगा, सून, नातवंडे असा परिवार', झालं, संपलं. दीर्घ म्हणजे किती हो? दोन वर्षं की वीस? आणि तेवढी वर्षं त्या बाई काय करत होत्या, काय विचार करत होत्या, काही नाही.

मला २००९ पासून आमवात आहे, रुमॅटॉइड. सकाळी बोटं उघडायलाच तास-दीड तास जातो, जानेवारीत आपल्या नाशिकची थंडी पडली की दहा वाजेपर्यंत चहाच्या कपाचा कान धरवत नाही. हे पत्रसुद्धा मोबाईलला बोलून टाईप करतेय, पूर्णविराम इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आम्ही ख्रिस्ती. सुरुवातीला मंडळीतले लोक घरी यायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण पाच वर्षं झाली, सात झाली, मी काही बरी होईना, तेव्हा एकीने हळूच विचारलं, कुठे विश्वास कमी पडतोय का गं? शेजारच्या काकू म्हणतात मागच्या जन्मीचे भोग. दोघींचा धर्म वेगळा पण हिशोब एकच, चूक माझी. आणि तुमच्या पुरवणीत बघावं तर एक तर 'आजारावर यशस्वी मात' नाहीतर 'झुंज अपयशी', मधलं काही नाहीच. मी मातही केली नाही आणि अपयशीही झाले नाही, मी आपली मेथी निवडत बसलेली असते, तीही अर्धी जुडी.

आता मुद्द्याचं. माझी भाची शिकायला जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, ती मध्ये हेर्नहूट म्हणून एका छोट्या गावी जाऊन आली, २०२४ ला युनेस्कोच्या यादीत आलंय ते. मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाचं गाव. मोराविया म्हणजे आताच्या चेक देशाचा पूर्वेकडचा भाग, तिथून धर्मापायी पळून आलेल्या लोकांना १७२२ साली झिंझेनडॉर्फ नावाच्या जहागीरदाराने आपल्या जमिनीवर आसरा दिला. आपल्या लडाखमध्येही हे लोक आहेत बरं का, लेहमध्ये १८८५ पासून, आणि तिथल्या त्यांच्या एका मिशनरी डॉक्टरचं नाव कार्ल मार्क्स होतं! तो नव्हे, दुसरा.

तर त्यांच्यात एक रीत होती. प्रत्येकाने, बाईनेसुद्धा, कपडे धुणाऱ्या बाईनेसुद्धा, आपल्या आयुष्याची हकिगत लिहून ठेवायची, आणि माणूस गेलं की दफनाच्या वेळी ती मंडळीसमोर वाचायची. शेवटचं दुखणं आणि मरण काही स्वतःला लिहिता येत नाही, तेवढं मागे राहिलेलं कोणीतरी खाली जोडायचं. अशा हजारो हकिगती त्यांच्या दप्तरखान्यात आहेत, अमेरिकेत त्यांचं बेथलेहेम म्हणून गाव आहे तिथेही. भाचीने बायकांच्या काही फोनवर अर्थ सांगत वाचून दाखवल्या. ताप, बाळंतपणं, छातीचं दुखणं, महिनोन्महिने अंथरूण, आणि त्यातच आज प्रभू जवळ वाटला, आज प्रार्थनेत मनच लागलं नाही, सगळं सरळ सांगितलेलं. बरी झाले नाही म्हणजे विश्वास कमी, असला हिशोब मी ऐकल्या त्यांच्यात तरी नव्हता. त्यांच्या गाण्या-प्रार्थनांत ख्रिस्ताच्या जखमांचं फार, काहींना ते अति वाटतं, मला नाही वाटलं. ज्याच्या अंगावर जखमा त्याच्याकडे सुजलेली बोटं घेऊन जायला लाज कसली.

आणि नुसतं लिहिणं नाही. हेन्रिएटे फॉन हाइन म्हणून एक बाई होती (१७२४ ते १७८२), मी येशूचं कोकरू अशा अर्थाचं तिचं मुलांचं गाणं जर्मनीत प्रसिद्ध आहे. १७६६ पासून मरेपर्यंत तिचं काम काय, तर हेर्नहूटमधल्या आजारी आणि अधू बहिणींकडे, म्हणजे पंथातल्या बायकांकडे, बघायचं. म्हणजे काही जणी बऱ्या होणारच नाहीत हे गावाने धरलेलंच होतं! रोज बायबलमधलं एक वचन चिठ्ठीने काढलेलं असायचं, १७३१ पासून ते छापतात, शेतात जाणाऱ्याला आणि खाटेवरच्या बाईला वचन तेच. दफनभूमीत सगळ्यांना सारखे आडवे दगड, भाचीने फोटो पाठवलाय. सगळंच गोड होतं असं नाही, लग्नंसुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, ते मला नसतं चाललं.

कोणी असं समजू नका की मी देवावर हवाला ठेवून औषध सोडलंय. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेते, आधी शनिवारी रात्री घ्यायचे तर रविवारी मळमळीने भक्तीला जाता येईना, मग डॉक्टरांना विचारून बुधवार केला. माझ्या हकिगतीत हे पहिल्या पानावर येणार.

तर विनंती एवढीच, आठवड्यातून एकदा निधनवार्तांच्या शेजारीच थोडी जागा द्या, जुनाट दुखणं असलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराला, जिवंत असतानाच. डायलिसिसवाले असतील, मणक्यावाले असतील, कुठल्याही देवाचे, नाहीतर कुठल्याच नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपलं आयुष्य लिहिलं, त्या शेवटी इथे नाशकातच होत्या, तेव्हा लिहायला येत नाही ही सबब इथे कोणी सांगू नये. माझी दोन पानं बोलून झालीत. ती न्यायला कोणाला पाठवायचं तर गुरुवार सोडून पाठवा, बुधवारच्या गोळीनंतर गुरुवारी मला उठवत नाही.

आपली एक वाचक,
शरणपूर रोड, नाशिक