नोंदच न झालेली रात्र

महोदय,

मद्यपानाविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते, त्यात यकृताचे विकार असतात, अपघात असतात, व्यसनापायी उद्ध्वस्त झालेले संसार असतात. परंतु ज्या तरुण मुलामुलींना कोणीही व्यसनी म्हणणार नाही, जी आठवडाभर दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत आणि एखाद्या रात्री मात्र दोन तासांत पाच-सहा पेग रिचवतात, त्यांच्या मेंदूचे काय होते, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. त्यासाठीच हे पत्र.

मी महाविद्यालयात शिकवतो. मध्यंतरी तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला आणि त्याने आपला फोन माझ्यापुढे धरला. शनिवारी मध्यरात्रीनंतर त्याने मित्राला पाठवलेले अकरा संदेश त्यात होते. वाक्ये धड, मजकूर सुसंगत, आणि त्यांतला एकही आपण लिहिल्याचे त्याला आठवत नव्हते. त्या रात्री तो हसत-बोलत होता, स्वतःच्या पायांनी खोलीवर गेला होता. "सर, मी हे विसरलो कसा?" असे त्याने विचारले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

तो विसरला नव्हता. विसरायला आधी आठवण तयार व्हावी लागते, आणि ती तयारच झाली नव्हती. रक्तातील अल्कोहोल झपाट्याने वाढले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग ताज्या अनुभवांची कायमची नोंद करेनासा होतो. चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या मेंदूतील रसायनाचे काम अडते आणि त्यांना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढतो. काही मिनिटांपुरते लक्षात राहत असल्याने माणूस बोलतो, चालतो, भांडतोही, आणि सोबतच्यांना संशय येत नाही. ब्लॅकआउट म्हणतात तो हाच. बेशुद्ध पडणे वेगळे. मित्रमंडळींत त्यावर हशा पिकतो, याचे मला फार वाईट वाटते.

थोड्या वेळात भरपूर पिण्याला, म्हणजे 'बिंज ड्रिंकिंग'ला, निश्चित माप आहे. अमेरिकेतील मद्यपानविषयक राष्ट्रीय संस्थेनुसार साधारण दोन तासांत पुरुषाने ५ किंवा स्त्रीने ४ ड्रिंक घेतली, की रक्तातील अल्कोहोल सामान्यतः ०.०८ टक्क्यांवर जाते. तेथे एका ड्रिंकमध्ये १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. शरीर तासाला सुमारे एवढेच अल्कोहोल निकामी करू शकते. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही.

वयाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कपाळामागचा जो भाग नियोजन करतो, मोह आवरतो आणि परिणामांचा अंदाज घेतो, त्याची जडणघडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. त्याच तरुणांचे मेंदू काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा एमआरआयने तपासले असता, भरपूर पिणाऱ्यांच्या पुढच्या भागातील करडे द्रव्य (चेतापेशींचा भाग) अधिक वेगाने घटलेले आणि श्वेतद्रव्याची (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंची) वाढ मंदावलेली आढळली आहे. यातले काही फरक पिणे सुरू होण्याआधीपासूनही असू शकतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सगळे नव्हे. "मला चढत नाही, मी पचवतो" असे अभिमानाने सांगणाऱ्यांना तर धोका अधिकच, कारण सवयीने पाय डगमगायचे थांबले तरी हिप्पोकॅम्पसला तसे संरक्षण मिळत नाही, आणि न चढल्याने पिणे मात्र वाढत जाते. दिलासा एवढाच की पिणे थांबवल्यावर काही आठवड्यांत तरुणांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता काही प्रमाणात सुधारलेली दिसते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पूर्वी एका डॉक्टरांनी विचारले होते, "आठवड्याला किती घेतोस?" त्याने खरे सांगितले, "सहा." आकडा लहान वाटला आणि विषय तिथेच मिटला. ते सहाही पेग एकाच रात्रीतले होते, हे त्याने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. म्हणून डॉक्टरांना, पालकांना आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करतो, की तरुणांना आठवड्याचा हिशेब विचारून थांबू नये. एका बैठकीत किती घेतोस आणि न आठवणारी रात्र कधी येऊन गेली का, हे दोन प्रश्न रागावून नव्हे, तर शांतपणे विचारावेत.

आपला विश्वासू,
एक प्राध्यापक