शंभर युनिट आणि आमच्या आईचा पंखा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पाचव्या पानावर वीजबिल कमी करण्याच्या दहा युक्त्यांची चौकट आपण छापलीत. त्यातल्या नऊ युक्त्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. सहा-सात तर गेल्या उन्हाळ्यातही आपणच छापल्या होत्या, त्यामुळे ओळखीच्या वाटल्या. तक्रार चौथ्या युक्तीबद्दल आहे. महिन्याला १०० युनिट ओलांडू नका, एक युनिट जरी वर गेलं तरी सगळ्या बिलाला वरच्या टप्प्याचा दर लागतो, असं तिथे ठळक अक्षरांत छापलं आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी स्वतःच्या घरचं बिल कधी उलटून पाहिलेलं नाही.

या एका वाक्यामुळे आमच्या घरातला पंखा कालपासून बंद आहे.

माझी आई ८३ वर्षांची. आम्ही सांगलीच्या खणभागात राहतो. २०१९ च्या महापुरात मीटर बुडाला, म्हणून नवा बसवताना तो जिन्याच्या वरच्या अंगाला घेतला. तेव्हापासून मीटर बघायचा तर चार पायऱ्या चढाव्या लागतात. आई त्या रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की चढते. मीटरवरचा आकडा पाठ करत खाली येते आणि कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिते. एकादशी, संकष्टी, दूधवाल्याचा खाडा आणि मीटरचा आकडा, सगळं एकाच चौकोनात.

हे वेड लागलं २०२४ च्या मे महिन्यात. अथणीच्या मावशीचा फोन आला होता. तिकडे कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०० युनिटपर्यंत सवलत, आणि २०० च्या वर गेलं की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं. मावशी म्हणाली, "अगं, दोनशेच्या वर एक जरी गेलं की संपलं सगळं." तिच्या घरापुरतं ते शंभर टक्के खरं. पण आमच्या आईनं त्यातलं दोनशे काढून शंभर घातलं, कारण आमच्या बिलावर शंभराचा टप्पा दिसतो. अथणीचा नियम असा सीमेवरच्या म्हैसाळवरून सांगलीत आला.

मग काय, कालनिर्णयवर बेरीज ९८ झाली की पंखा बंद. पुढचे आठ दिवस दुपारी एक ते चार ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसायचं. सांगलीचा मे महिना आपणास ठाऊक आहे, आपलं कार्यालय वातानुकूलित असलं तरी. आठव्या दिवशी तिला चक्कर आली. सलाईन लावावी लागली. डॉक्टरांचे साडेसहाशे रुपये झाले.

आता हिशेब सांगतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर ३१ वर्षं दिवाणजी होतो, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत थोडा हट्टी आहे. त्या वर्षी महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे होता आणि १०१ ते ३०० युनिटला १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, युनिटमागे १ रुपया १७ पैसे. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे १०१ वं युनिट पडलं ११ रुपये ४६ पैशांना, शुल्कासह १३ रुपये २९ पैशांना. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो यात धरलेला नाही, पण त्यानंही चित्र पालटत नाही. आधीची १०० युनिटं जिथल्या तिथे, ४ रुपये ७१ पैशांच्या दरानंच.

पंखा जुना, ७५ वॅटचा. एक युनिट जळायला त्याला तेरा तासांहून जास्त लागतात. तीन तासांत पाव युनिटही होत नाही. म्हणजे आईनं रोज दुपारी वाचवले तीन रुपये. आठ दिवसांचे चोवीस. सलाईनचे साडेसहाशे.

हे तिला पटवायला मला दोन दिवस लागले. टप्पा, दर, शुल्क असले शब्द वापरले तोवर ती हूं हूं करत होती. शेवटी अडतीच्या भाषेत सांगितलं. वडिलांची हळद यार्डात यायची, त्यामुळे पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, तिला वाचता येते. म्हटलं, दहा पोती एका भावानं गेली आणि वरची पाच दुसऱ्या भावानं, तर पट्टी करताना पहिल्या दहा पोत्यांचा भाव बदलतो का? म्हणाली, "नाही, तसं कोण करू देईल?" म्हटलं, मग विजेचंही तसंच आहे. त्या दुपारी पंखा लागला. पुढचे दोन उन्हाळे लागत राहिला. दर मध्ये मागेपुढे झाले, पण टप्पे मोजायची रीत तीच आहे.

आणि काल आपली चौकट आली.

सकाळी मी फिरून परत येईपर्यंत तिनं ती कात्रीनं कापून देवघराच्या दाराला चिकटवली होती. मी पुन्हा दहा पोत्यांपासून सुरुवात केली. ती म्हणाली, "तू म्हणतोस ते असंल बाबा, पण पेपरात छापून आलंय. त्यांना काय कळत नाही व्हय?" यावर मी काय उत्तर द्यावं, हे आपणच सुचवावं. चाळीस वर्षं आपला अंक घरात येतो, त्यामुळे माझ्यापेक्षा आपली पत जास्त. ती अशी वापरली जावी, याचं वाईट वाटतं.

जाता जाता, त्याच चौकटीच्या खाली पंख्यांची जाहिरात होती. वर पंखा बंद करा, खाली पंखा घ्या. जाहिरातीतला पंखा २८ वॅटचा असल्याचं लिहिलं होतं. खरं तर चौकटीपेक्षा जाहिरात जास्त उपयोगाची निघाली.

दहाच युक्त्या द्यायच्या होत्या तर निदान एवढं तरी सांगायचं, की बिलातला महिना एक तारखेला सुरू होत नाही. मागच्या रीडिंगपासून या रीडिंगपर्यंत तो महिना. दोन्ही तारखा बिलावर असतात. आई मात्र एक तारखेपासून बेरीज धरत होती आणि आमचं रीडिंग १२ च्या आसपास होतं. म्हणजे ज्या ९८ साठी ती घाम गाळत होती ते ९८ मुळात बिलातलं नव्हतंच! रीडिंग चार दिवस उशिरा झालं म्हणून टप्पा ओलांडला, अशी ओरड आमच्या गल्लीत दर महिन्याला होते. ३४ दिवसांचं बिल असेल तर १०० चा टप्पाही त्या प्रमाणात ताणून ११३ चा धरतात. हे मलाही ठाऊक नव्हतं. मीही एकदा महावितरणच्या काउंटरवर जाऊन आवाज चढवला होता. तिथल्या मुलीनं शांतपणे बिल फिरवून आकडे दाखवले, तेव्हा मी चष्मा विसरल्याचं सांगून बाहेर आलो.

घरात खरी वीज कुठे जाते, तेही लिहावं. आमचे चिरंजीव एप्रिलमध्येसुद्धा गरम पाण्यानं अंघोळ करतात आणि गीझर लावून मोबाइल बघत बसतात. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. आजीचा पंखा तेरा तास चालेल एवढी वीज नातवाच्या एका अंघोळीला. (नातवाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आजीला एसी घेऊया.")

दुसरं एक. एप्रिल-मेमध्ये बिलाबरोबर आणखी एक कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. आमच्या शेजाऱ्यांनी तो फसवणूक समजून चुलीत घातला. दुसऱ्यांनी दंड समजून शिव्या दिल्या. मागच्या वर्षाच्या सरासरी मासिक बिलाच्या दुपटीएवढी ठेव वीज कंपनीकडे असावी लागते. बिल वाढलं की ठेव कमी पडते, तेवढा फरक मागतात. सहा हप्त्यांत भरता येते. ठेवीवर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. ठेव दुप्पट कशाला हवी, हा प्रश्न मलाही पडतो आणि त्यावर कोणी खरमरीत अग्रलेख लिहिला तर मी तोही कापून देवघराला लावीन. पण आपल्या दहा युक्त्यांत याचा उल्लेख नाही. त्याऐवजी दहावी युक्ती आहे, 'खिडक्या उघड्या ठेवा'. खणभागात संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडी ठेवून दाखवा. डास कुठल्या टप्प्यात मोजायचे तेही छापा.

माझी विनंती साधी आहे. चौथ्या युक्तीची दुरुस्ती छापावी. ती पाचव्या पानावरच, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत असावी. आतल्या पानाच्या तळाला 'अनवधानाने' असं बारीक टाइपात नको. आई तेवढी बारीक अक्षरं वाचत नाही आणि मी वाचून दाखवलं तर तिचा विश्वास बसणार नाही. वाक्यात '१०० च्या वरच्या युनिटांनाच वरचा दर' एवढं असलं तरी पुरे. मी ते कापून जुन्या कात्रणावर चिकटवीन.

हे पत्र छापलंत तर कृपया मधूनच कापू नये. हळदीच्या भावांबद्दलचं माझं मागचं पत्र आपण अर्ध्यावर तोडलंत. त्यामुळे मी व्यापाऱ्यांच्या बाजूचा आहे असा गल्लीचा समज झाला आणि आठवडाभर चहाच्या टपरीवर मला कोणी जागा दिली नाही.

हे लिहीत असताना दुपारचे अडीच वाजले आहेत. आई दारात बसली आहे, टॉवेल घेऊन. मी पंखा दोनदा लावला, तिनं दोनदा बंद केला.

आपला नम्र,
चाळीस वर्षांचा वर्गणीदार
खणभाग, सांगली